जागणाऱ्यांच्या जिवावर निजलेला समाज

कोणत्याही रुग्णालयाच्या दर्शनी भागावर ‘चोवीस तास सेवा’ अशी पाटी झळकत असते. औषधांच्या दुकानावर ती असते, रुग्णवाहिकेवर असते, आता तर भाजी आणि दूध घरपोच पोहोचविणाऱ्यांच्या जाहिरातीतही असते. ही पाटी वाचणाऱ्याला दिलासा मिळतो आणि तो मिळालाच पाहिजे. अपरात्री छातीत कळ आली तर कोठे तरी दिवा जळत आहे, कोणी तरी जागे आहे, ही खात्री देता येणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण होय. प्रश्न एवढाच, की पाटीवरचे हे चोवीस तास आहेत तरी कोणाचे? दिवसाला चोवीस तास असतात. कामावरच्या माणसाला ते नसतात.

साधा हिशेब आहे. आठवड्याचे तास १६८. एका माणसाकडून आठवड्याला ४८ तास काम घ्यावे, असे कामगार कायदा सांगतो. म्हणजे एक खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायची, तर साडेतीन माणसे नेमावी लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरले तर चार ते पाच. पाटी रंगविताना हा हिशेब कोणी करीत नाही. नेमणूक होते दोघांची, फार तर तिघांची, आणि उरलेली तूट कोणाच्या तरी झोपेतून वसूल केली जाते. या वसुलीला या देशात एक पवित्र नाव मिळालेले आहे. ते नाव म्हणजे ‘सेवा’.

शब्द पवित्र आहे, म्हणूनच त्याचा हा वापर अधिक संतापजनक वाटतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एक पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी डॉक्टर ड्यूटीवर होती. सलग छत्तीस तासांची ती ड्यूटी. मध्यरात्रीनंतर थोडा वेळ पाठ टेकण्यासाठी ती चर्चासत्राच्या सभागृहात गेली, कारण विश्रांतीसाठी धड जागा नव्हती. सकाळी तेथे तिचा मृतदेह सापडला. बलात्कार करून तिचा खून करण्यात आला होता, आणि पुढे दोषी ठरला तो पोलिसांच्या मदतीला नेमलेला एक नागरी स्वयंसेवक. त्यानंतर देशभर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे: संप, मोर्चे, रात्री रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेली दखल, राष्ट्रीय कृती दलाची स्थापना. १८ जानेवारी २०२५ रोजी आरोपी दोषी ठरला आणि दोनच दिवसांनी त्याला जन्मठेप झाली.

या गदारोळात एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. घटनेनंतर काही दिवसांतच पश्चिम बंगाल सरकारने ‘रात्तिरेर साथी’ नावाची उपाययोजना जाहीर केली. तिच्यात एक कलम असे होते, की शक्य असेल तेथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये. म्हणजे रुग्णालय सुरक्षित करण्यापेक्षा रुग्णालयातून स्त्रीच काढून टाकावी! ज्या राज्याची तेव्हाची मुख्यमंत्री स्त्री, आरोग्यखातेही तिच्याच हाती, त्या राज्याला हा मार्ग सुचावा, याला काय म्हणावे? सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर ताशेरे ओढले, संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे असे बजावले, तेव्हा कोठे सरकारने माघार घेतली. रात्री स्त्रियांनी काम करायचे नाही असे ठरले, तर देशातील प्रसूतिगृहे सूर्यास्तानंतर बंद ठेवावी लागतील, हे त्या मसुद्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसेल काय? प्रसूतीच्या वेणा कार्यालयीन वेळेत सुरू होत नाहीत.

बंगालकडे बोट दाखविणे सोपे आहे आणि ते दाखविलेच पाहिजे. पण महाराष्ट्राने त्या आधी अर्धे शतक हाच धडा घेतला होता, आणि गिरविला मात्र नव्हता. २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील हळदीपूरहून आलेली अरुणा शानभाग ही तरुण परिचारिका काम संपवून रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना तिच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर रुग्णालयातलाच सफाई कामगार. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १९७३ मध्ये कपडे बदलायला तळघर आणि २०२४ मध्ये पाठ टेकायला सभागृह! एकावन्न वर्षांच्या अंतराने दोन महानगरांतल्या दोन नामांकित रुग्णालयांत जी वस्तू नव्हती ती किती किमतीची होती? एक खोली, आणि दाराला आतून लागणारी एक कडी.

अरुणा शानभागची कहाणी येथे संपत नाही. खरे तर सेवा म्हणजे काय हे त्या कहाणीच्या पुढच्या भागातच दिसते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. मधल्या साडेएकेचाळीस वर्षांत के. ई. एम.च्या परिचारिकांनी तिला सांभाळले. पिढ्या बदलल्या. जिने तिला पाहिलेही नव्हते, जी १९७३ मध्ये जन्मलीही नव्हती, अशा मुलीने नोकरीवर रुजू व्हावे आणि चार नंबरच्या वॉर्डालगतच्या त्या खोलीत जाऊन तिला भरवावे, स्वच्छ करावे, कूस बदलावी, असे चालले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलली नाही तर काही दिवसांतच पाठीला जखमा होतात, हे घरी आजारी वडीलधारे असणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. येथे दशकानुदशके पाठीला जखम होऊ दिली गेली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात आहे. न्यायमूर्तींनी या परिचारिकांचा मुक्तकंठाने गौरव केला. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलविण्याचे प्रयत्न महापालिकेने केले, तेव्हा ते हाणून पाडले ते याच परिचारिकांनी. प्रशासनाला ती एक अडवलेली खाट वाटत होती. परिचारिकांना ती आपली बहीण वाटत होती.

सेवा ही अशी असते. ती कोणी परिपत्रक काढून मागितलेली नव्हती. आपल्या वाट्याचे काम पुरे करून, वर आपल्या मनाने दिलेली ती गोष्ट होती. ज्याला द्यायची आहे त्याने आपले म्हणून जे द्यायचे, त्याला सेवा म्हणतात. दुसऱ्याकडून कमी पैशांत, अपुऱ्या माणसांत, असुरक्षित जागेत जे उकळले जाते, त्याला तोच शब्द लावणे म्हणजे त्या शब्दाची विटंबना आहे. मेट्रनने एक जादा परिचारिका मागितली की व्यवस्थापन सेवाभावाची आठवण करून देते. सेवाभावाची आठवण मागणाऱ्यालाच का होते, देणाऱ्याला का होत नाही, याचे उत्तर एकदा मिळायला हवे.

मागणी अवास्तव असते असेही नाही. शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ असावे, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री एक परिचारिका तीस-चाळीस रुग्ण सांभाळत असल्याचे दृश्य कोणाही नातेवाइकाने पाहिलेले असते. चार्ज घ्यायचा, दहाची इंजेक्शने द्यायची, कोणाचे सलाइन संपले ते बघायचे, नोंदी लिहायच्या, मध्येच अपघाताचा रुग्ण आला तर डॉक्टरांना उठवायचे, नातेवाइकांची बोलणी खायची, आणि पहाटे सहाला पुन्हा ताप-नाडीची फेरी सुरू करायची. मदतीला एखादी मावशी किंवा मामा, तेही दोन वॉर्ड मिळून. निवासी डॉक्टरांची तऱ्हा वेगळी नाही. त्यांचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक नसावे, असा केंद्र सरकारचा आदेश १९९२ चा आहे. त्यानंतर बत्तीस वर्षांनी कोलकात्यात छत्तीस तासांची पाळी चालू होती.

झोप ही चैन नव्हे, हे विज्ञानाने कधीच सांगून ठेवले आहे. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराचे तापमान उतरते, लक्ष विचलित होते, हात चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाची ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ अशा वर्गात नोंद केली आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली. तरीही खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती पहिल्यांदा लागते रात्रपाळीला, कारण रात्रीची उणीव दिवसा येणाऱ्या साहेबाला दिसत नाही. भोपाळच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, त्याच्या काही दिवस आधी रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचे पद काटकसरीपोटी काढून टाकण्यात आले होते. परदेशी कंपनीचा तो निर्दयपणा होता, यात शंका नाही. पण स्वदेशी व्यवस्थेने त्यापासून काय बोध घेतला?

९ जानेवारी २०२१ च्या रात्री दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली. विभागात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. त्या मातांच्या दुःखापुढे शब्द थिटे पडतात. पुढे काय झाले? चौकशी समिती नेमली गेली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, काही बदल्या झाल्या, कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली, आणि फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्या वेळी त्या विभागात नव्हत्या, असा आरोप त्यांच्यावर होता. कोणाची कसूर किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आणि कर्तव्यात कसूर झाली असेल तर शिक्षा झालीच पाहिजे. पण ज्या इमारतीत नवजात बालके ठेवली होती तिची अग्निसुरक्षेची व्यवस्था धड नव्हती. ती करण्याचा प्रस्ताव मंजुरीवाचून पडून असल्याचे वृत्त तेव्हा छापून आले होते. ज्या टेबलांवर तो प्रस्ताव पडून राहिला, ती टेबले रात्री बंद असतात. जे रात्री निजले होते त्यांच्यावर फौजदारी गुन्हा नाही, जे जागे होते त्यांच्यावर आहे. या न्यायाची अडचण अशी, की तो पाहून उद्याची हुशार मुलगी परिचारिका होण्याचे टाळील.

सरकार बदलले म्हणून रीत बदलली असेही झाले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. ‘चोवीस तास’ या शब्दांना असा भीषण अर्थ क्वचितच आला असेल. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे, क्षमतेहून अधिक रुग्ण, ही सगळी कारणे तेव्हा पुढे आली. आणि सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने रुग्णालयाला भेट देऊन काय केले? अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले, तेही छायाचित्रकारांच्या साक्षीने. स्वच्छतेचे काम हीन नाही. संत गाडगेबाबांच्या महाराष्ट्राला ते सांगण्याची गरज नाही. पण गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्या हाती घेतला होता. दुसऱ्याच्या हाती तो अपमान म्हणून देणे ही त्या परंपरेची उलटी बाजू झाली. सफाई कर्मचाऱ्यांची किती पदे रिक्त आहेत, ती भरण्याचा निर्णय कोणाच्या अखत्यारीत आहे, हे त्या खासदारांनी मुंबईला जाऊन विचारले असते, तर त्यांना खरे शौचालय सापडले असते.

‘पैसा कोठून आणायचा?’ असा प्रश्न यावर हटकून विचारला जातो. मग कंत्राटी भरतीचा सोपा मार्ग निघतो. तेच काम, तोच वॉर्ड, तीच रात्र. पण एकीला वेतनश्रेणी आणि दुसरीला मानधन. ‘मानधन’ हा शब्दही ‘सेवा’चाच धाकटा भाऊ: मान तुमच्याकडे ठेवा, धन आमच्याकडे राहू द्या! बाह्यस्रोतामार्फत परिचारिका भरण्याच्या विरोधात २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील परिचारिकांना संप करावा लागला. रुग्णसेवा ठप्प झाली म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. संपाने रुग्णांचे हाल होतात हे खरेच आहे, आणि त्याचे समर्थन कोणीही करू नये. पण संपाच्या दिवसांत दिसलेले हाल जर मोजले जातात, तर अपुऱ्या मनुष्यबळामुळे ३६५ रात्री होणारे हाल कोण मोजणार?

खासगी क्षेत्राकडे वळावे तर तेथे अंधार आणखी दाट. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या तज्ज्ञ समितीने शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला राज्य सरकारइतका पगार द्यावा आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही तो दरमहा वीस हजार रुपयांच्या खाली नसावा. या शिफारशीला दहा वर्षे होत आली. कोणत्याही शहरातील लहान नर्सिंग होममध्ये जाऊन रात्रपाळीच्या मुलीला तिचा पगार विचारावा. उत्तर देण्यापूर्वी ती आधी इकडे तिकडे बघेल.

आणि या मुलीच किंमत चुकविण्याच्या घडीला काय करतात? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिका प्रसूती विभागात रात्रपाळीवर होत्या. त्यांच्या विभागात वीस गर्भवती होत्या. दहशतवादी आवारात शिरले, दोन पहारेकरी त्यांनी ठार केले. कुलथे यांनी दारे बंद केली, सगळ्या गर्भवतींना विभागाच्या टोकाच्या लहानशा खोलीत हलविले आणि त्यांतील एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या आधाराने, अंधारात, जिन्याने प्रसूतिकक्षापर्यंत नेले. वीसही जणी सुखरूप राहिल्या. पुढे कसाबला ओळखण्याची वेळ आली तेव्हा त्या कचरल्या नाहीत, आणि न्यायालयात साक्षीला जाताना त्यांनी आपला परिचारिकेचा गणवेश घालण्याचा आग्रह धरला. १५ डिसेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्यांनी ही कहाणी सांगितली. त्या रात्रीच्या वीरांच्या यादीत पोलीस आणि कमांडो यांची नावे सर्वांना पाठ असतात, असायलाच हवीत. पण वीस मातांना वाचविणारे नाव शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजल्या, तेव्हा या जागणाऱ्यांविषयीची कृतज्ञता खरी होती. त्यानंतर काही आठवड्यांतच अनेक सोसायट्यांनी कोविड वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांना जिन्यात अडविले, घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्या, हेही खरे होते. थाळी वाजविणारे हात आणि दार लावणारे हात कधी कधी एकाच घरातले होते. अखेर एप्रिलमध्ये केंद्र सरकारला आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध अध्यादेश काढावा लागला.

मध्यमवर्गाला हा विषय सरकारवर ढकलून मोकळे होता येणार नाही. पुण्यात, नाशिकात, डोंबिवलीत, नागपुरात असंख्य घरांत आज वृद्ध आई-वडील एकटे आहेत. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नला. पैशांची ददात नाही. मग ब्युरोतून एक बाई ठेवली जाते आणि तिचे नाव पडते ‘चोवीस तासांची बाई’. हा शब्दप्रयोग सुशिक्षित घरांत इतका रुळला आहे, की त्यातला अर्थ कोणाला टोचत नाही. चोवीस तासांची बाई म्हणजे जिला रात्र नाही अशी बाई. आजोबांना रात्री चार वेळा उठवून बाथरूमला न्यायचे, आजींना झोप लागत नाही म्हणून शेजारी बसून राहायचे, आणि सकाळी सहाला चहाचे आधण ठेवायचे. झोपायला खोली नाही. आजारी माणसाच्या खोलीतच खाली अंथरूण. महिन्याच्या पैशांतून ब्युरोचे कमिशन जाते. आठवड्याची सुट्टी मागितली तर बदली बाई शोधण्याचा त्रास म्हणून कुरकुर. एखाद्या दुपारी ती खुर्चीत पेंगताना दिसली की व्हिडिओ कॉलवर परदेशातून तक्रार येते: ‘अहो, या मावशी झोपतातच!’

मावशी म्हणायचे आणि मावशीला झोपू द्यायचे नाही, हे नाते कोणत्या घराण्यात चालते? स्वतःची सख्खी मावशी आजोबांच्या उशाशी रात्रभर बसली असती, तर दुसऱ्या दिवशी तिला ‘तू आता जरा आडवी हो’ असे कोणी तरी म्हणालेच असते. एकत्र कुटुंबात जागरणाची पाळी वाटून घेतली जात असे. काका अर्धी रात्र, सून अर्धी रात्र. ती वाटणी मोडली, आणि सगळी रात्र एका परक्या बाईच्या अंगावर टाकली गेली. नोकरीसाठी परदेशी जाणे हा दोष नाही. पण दोन बायका बारा-बारा तासांच्या ठेवण्याची ऐपत असताना एकीलाच चोवीस तास राबविणे, ही काटकसर आई-वडिलांच्या सेवेत बसत नाही.

महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांनी चालविलेली रुग्णालये थोडी नाहीत. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर समाजातील प्रतिष्ठित, सुस्थितीतील, सेवाकार्याविषयी खरीखुरी आस्था असणारी मंडळी आहेत. या पानांच्या वाचकांतही ती आहेत. वास्तूचे सुशोभीकरण, नवे यंत्र, देणगीदारांच्या नावाची कोनशिला हे विषय बैठकीत येतात. पुढच्या बैठकीआधी त्यांतील दोघा-तिघांनी एकदा पूर्वसूचना न देता रात्री दोन वाजता आपल्याच रुग्णालयात जावे. प्रत्येक मजल्यावर रुग्ण किती आणि परिचारिका किती हे मोजावे, पाळी संपल्यावर त्या घरी कशा जातात ते विचारावे, आणि त्यांच्या विश्रांतीच्या खोलीची कडी आतून लागते की नाही, हे स्वतःच्या हाताने लावून पाहावे.